कोनाड्यातला पेला

खाणवस्तीत पुंडलिक खरातला नावानं हाक मारणारं माणूस शोधून सापडायचं नाही. लहानथोरांचा तो चावीवाला मामा. लेण्यांच्या डोंगराखाली, बंद पडलेल्या दगडखाणीला चिकटून ही वस्ती बसली. तिला खालची आणि वरची अशा दोनच गल्ल्या, आणि दोन्हींचं पाणी या एका माणसाच्या खांद्यावर. खांद्यावर म्हणजे अगदी खरोखर. छातीइतकी उंच लोखंडी चावी, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. एकतीस वर्षं ती खांद्यावर टाकून तो पहाटे पाचला घरातून निघत आला. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात चावी सोडायची, अंगाचा जोर लावून फिरवायची, की एका गल्लीचं पाणी बंद आणि दुसरीचं सुरू. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, हे काय कुणाला नव्यानं सांगायला पाहिजे? इथली माणसं उपासाचा वार चुकवतील, पाण्याचा नाही.

पुंडलिकचं म्हणणं एकच. पाळी म्हणजे पाळी, दीड तास म्हणजे दीड तास. कुणाच्या घरी लग्न असो की कुणाच्या घरी साहेब येवो, मिनिट वाढवून मिळायचं नाही. सख्ख्या मेव्हण्यानं एकदा हात जोडले, तरी हा गडी चावी फिरवून मोकळा. त्यामुळं तोंडावर मामा म्हणणारे पाठ वळली की मुर्दाड म्हणायचे. म्हणोत बापडे. त्याचं कारण त्याच्यापाशी होतं. पाचोडच्या पलीकडच्या एका खेड्यात तो वाढला. तिथं विहिरीपासून दहा पावलांवर त्याची आई घागर घेऊन बसायची. विहिरीला हात लावायचा नाही, कुणी वरून पाणी घालेल तेव्हा घ्यायचं. कुणी लगेच घालायचं, कुणी आपलं सगळं धुणं उरकून मग घालायचं, कुणी नुसतंच निघून जायचं. आपल्या हातात कधी पाणी आलं तर आपण कुणाला असं बसवायचं नाही, हे त्यानं आईच्या शेजारी उन्हात बसूनच ठरवलं. पुढं विहारात भन्तेजींनी पुष्कळ काही शिकवलं, त्यानं ते मन लावून ऐकलंही, पण त्याचा रोजचा धम्म म्हणाल तर हा एवढाच.

आता वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह नेमका चतुराबाईच्या दारात. ही बाई बाहत्तरच्या दुष्काळात नवऱ्याबरोबर खडी फोडायला आली आणि इथलीच झाली. नवरा गेला, मूलबाळ नाही, जीभ मात्र अशी की अख्खी गल्ली वचकून. पुंडलिक पाणी सोडायला आला की ती चहा करायची. माणुसकीला कमी नव्हती म्हणा. पण तो चहा यायचा एका ठरलेल्या स्टीलच्या पेल्यात, आणि तो पेला राहायचा घराच्या बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात. बाकीचे पेले आत, मांडणीवर. पुंडलिकला पहिल्याच दिवशी कळलं. न कळायला तो काय दूधखुळा होता? "आत्ताच घेतला," म्हणाला आणि खड्ड्यावर झाकण टाकून उतरला. पुढच्या पाळीला पुन्हा चहा, पुन्हा "आत्ताच घेतला." असं एकतीस वर्षं चाललं. घे रे, असं ती कधी म्हणाली नाही. मला ठाऊक आहे, असं तो कधी म्हणाला नाही.

घरी त्याची बायको सत्यभामा. मऊ बोलणारी, पण आपलं म्हणणं न सोडणारी. पाऊस आला, मग तो मृगाचा असो की अवकाळी, हिचं एक ठरलेलं. दारात उभी राहून तळवा बाहेर काढायची आणि ओला हात कपाळाला लावायची. पुंडलिकला ते खपायचं नाही. समुद्राची वाफ होते, तिचे ढग होतात, ढग गार पडले की पाणी पडतं, यात आशीर्वाद कुठून आला? आपण असलं काही मानत नाही, हे तिला दहादा सांगून झालं होतं.

"मी तरी कुठं मानते," ती म्हणायची. "मिळालं, एवढं सांगते."

"कुणाला सांगतीस?"

"ते मला काय माहीत? मिळालं तर सांगावं माणसानं."

दीड वर्षापूर्वी तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं, दिवसाला अर्धा लिटर. ज्याच्या चावीवर अख्खी वस्ती पाणी पिते, त्याच्या बायकोनं ओला रुमाल चोखून दिवस काढावेत, याला काय म्हणावं? ती मागायची नाही. नुसती माठाकडं बघायची. पुंडलिक तेवढा वेळ बाहेर जाऊन उभा राहायचा. यंदाच्या माघात ती गेली.

बौद्ध घरांत माणूस गेल्यावर जलदानाचा विधी करतात. तांब्यातलं पाणी ताटात सोडत गाथा म्हणतात. उंचावर पडलेलं पाणी जसं सखल जागेकडं जातं, तसं इथं दिलेलं गेलेल्या माणसाला पोचो, असा तिचा अर्थ. सत्यभामाचं जलदान सातव्या दिवशी, रविवारी ठरलं. गावाकडची ऐंशी-नव्वद माणसं यायची होती. पण त्या दिवशी पाण्याची पाळी वरच्या गल्लीची, आणि पुंडलिकचं घर खालच्या गल्लीत. मुलानं, सम्यकनं, टँकर सांगून ठेवला होता. पहाटेचे पाच वाजले तरी टँकरचा पत्ता नाही आणि टँकरवाल्याचा फोन बंद. घरात पाणी किती, तर दोन हंडे.

पुंडलिक चावी घेऊन खालच्या व्हॉल्व्हपाशी गेला. रिवाज असा, की आधी खालचा बंद करायचा आणि मग चढून वरचा उघडायचा. खालचा उघडा राहिला तर पाणी वर चढतच नाही. त्या खालच्या खड्ड्यात बारमाही गळती. घोटाभर चिखलात उतरल्याशिवाय चावी बसायची नाही, त्यामुळं वरच्या गल्लीत जाताना त्याचे पाय कायम चिखलानं भरलेले. त्या पहाटे तो खड्ड्याच्या काठावर उभा राहिला आणि उतरलाच नाही. हिला जिवंतपणी घोट मोजून दिला, आज हिच्या नावानं तरी माणसं पोटभर पिऊ देत, असं त्याच्या मनात आलं. इथवर कुणीही त्याला माफ करील. पण त्याच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट मनात आली, आणि ती त्याची त्यालाच नंतर खात राहिली. राहू दे वरच्यांना एक दिवस तहानलेलं, असं त्याच्या मनात आलं. कोनाड्यातल्या पेल्यानं प्या म्हणावं.

त्यानं खालचा व्हॉल्व्ह तसाच उघडा ठेवला आणि वर जाऊन तिथला नुसता देखल्या देवा दंडवत म्हणून उघडला. एक तास सगळं पाणी खालच्या गल्लीत उतरलं. मग त्यानं खालचा बंद केला. उरलेल्या अर्ध्या तासात वर जे काही चढलं, ते ज्यांच्याकडं मोटारी होत्या त्यांनी ओढून घेतलं. चतुराबाईकडं मोटार नव्हती. लोक म्हणाले, टाकीच अर्धी भरली असेल. पुंडलिक मामावर संशय घ्यायची कुणाची छाती होती? जलदान छान झालं. लोक पोटभर जेवले, पोटभर पाणी प्याले, आणि सून सुलेखा म्हणाली, आईंच्या नावाला शोभेलसं झालं.

चौथ्या दिवशी खालच्या गल्लीच्या पाळीआधी वरचा व्हॉल्व्ह बंद करायला तो चावी घेऊन वरच्या गल्लीच्या तोंडाशी पोचला, तर तिथं माणसं गोळा झालेली आणि रिक्षात कुणाला तरी आडवं घालणं चाललेलं. त्यानं विचारलं, काय झालं?

"चतुराबाई खाणीत पडल्या," कुणीतरी म्हणालं. "तिथल्या साचलेल्या पाण्याला गेल्या होत्या. घरात थेंब नव्हता म्हणे दोन दिवस. धुण्यापुरतं आणायला उतरल्या आणि पाय सटकला. शेळ्यावालीनं बघितलं म्हणून, नाहीतर कळलंच नसतं."

पुंडलिकच्या खांद्यावरची चावी घसरून दगडावर आदळली, तिच्या आवाजानं सगळे वळून बघायला लागले. रिक्षा त्याच्या शेजारून गेली. आत चतुराबाई डोळे मिटून होती, आणि तिचा एक पाय भलतीकडंच वळला होता. तो तिथंच रस्त्याकडेच्या दगडावर बसला, तर लोक म्हणाले, मामांना बायकोचं आठवलं असेल, बसू द्या. त्या सहानुभूतीनं तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, म्हातारी महिनाभर दवाखान्यात पडून राहिली. तिचं मागंपुढं कुणी नाही म्हणून सुलेखा रोज डबा घेऊन जायची. सासऱ्यानं सांगितलं नव्हतं. तो तर त्या दवाखान्याच्या रस्त्यानंसुद्धा जात नव्हता.

"खाते का ती आपल्या घरचं?" त्यानं एकदा खाली बघतच विचारलं.

"खातात की. मेथीची भाजी मागून घेतली आज."

दोन महिने त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. कामावर जायचा, पाळी सोडायचा. मूठभर माणसांच्या विहिरीपाशी आपली आई बसायची, आणि आपण एका म्हातारीला खाणीत उतरवलं. ज्या माणसांसारखं व्हायचं नाही म्हणून जन्म काढला, त्यांच्यातच एका तासात जाऊन बसलो. सम्यकला सांगावं असं वाटायचं. पण तो काय म्हणेल हे आधीच ठाऊक होतं, की बाबा, तुम्ही काय तिला ढकललं का? पोरगं बापाला सोडवणारच. आणि पुंडलिकला सुटका नको होती. सांगायचं तर जिचं हाड मोडलं तिलाच सांगायचं, हे त्याला कळत होतं. कळतं पण वळत नाही, अशी गत.

चैत्र लागला. चतुराबाई घरी आली, वॉकर धरून खाटेपासून मोरीपर्यंत जायला लागली. आणि नेमकी त्याच वेळी मोठी जलवाहिनी फुटली. आज येईल, उद्या येईल करता करता बारा दिवस झाले. खालच्या गल्लीत कसंतरी भागत होतं, वरच्या गल्लीत माणसं रिकामे ड्रम वाजवून दाखवायला लागली. बाराव्या दिवशी दुपारी तीनला ऑफिसातून निरोप आला की आजही पाणी नाही. हे सांगायलासुद्धा मामालाच जावं लागतं. पाणी नव्हतं तरी सवयीनं त्यानं चावी खांद्यावर घेतली आणि वर चढला. वारा पडलेला, आभाळ काळंभोर, उकाडा असा की शर्ट पाठीला चिकटलेला. दारोदारी लोकांच्या शिव्या खात तो शेवटी चतुराबाईच्या दारात आला.

ती ओट्यावर, पत्र्याच्या छपराखाली खाटेवर बसली होती. अंगानं निम्मी झालेली, पण नजर तीच.

"चहा टाकला असता," ती म्हणाली. "पण घरात पाणी तांब्याभर हाये."

झालं. जे दोन महिने आत दाबून ठेवलं होतं, ते या एका वाक्यानं बाहेर आलं. पुंडलिकनं चावी भिंतीला टेकवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जलदानाचा दिवस, टँकर, तो एक तास. कोनाड्यातल्या पेल्याचं मनात आलं होतं, तेसुद्धा सांगितलं, लपवलं नाही. सांगताना त्याला वाटत होतं की ती आता वॉकर फेकून मारेल, गल्ली गोळा करेल. करावी. त्याचसाठी तर तो बोलत होता.

चतुराबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला ठावं हाये."

"काय ठावं हाये?"

"तू त्या दिवशी खालचा बंद केला नव्हतास, ते. तवाच कळलं व्हतं मला."

पुंडलिकला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "कसं काय?"

म्हातारीनं नजर दारातल्या जमिनीकडं वळवली. तिची जीभ अशी अडखळताना कुणी कधी बघितली नव्हती. "तुझे पाय कोरडे व्हते त्या दिवशी. एरवी तुझ्या चिखलाच्या पायांचे ठसे उठत्यात माझ्या दारात. तू गेलास की मी पुसायची ते. पाणी टाकून. दर पाळीला. त्या दिवशी पुसायला गेले, तर ठसेच नाय."

पुंडलिक बघतच राहिला. पेल्याचं त्याला ठाऊक होतं. पेल्याची त्यानं मनाशी कधीच समजूत घातली होती. पण हे? आठ दिवसांनी एकदा येणारं पाणी, त्यातला तांब्या-दोन तांबे ही बाई आपण उभे राहिलो ती जागा धुवायला वापरत होती, आणि ते पाणी आपणच सोडत होतो. एकतीस वर्षं. त्याच्या डोक्यात सणक गेली. आपण इथं कशाची माफी मागायला आलो, असं त्याला झालं.

"मग सांगितलं कामून नाय कुणाला?" तो कसाबसा म्हणाला.

"सांगितलं असतं तर लोकांनी इचारलं असतं, तुला कसं कळलं म्हणून," ती म्हणाली. "मग मलाबी माझं सांगावं लागलं असतं."

त्यानं चावी उचलली आणि निघाला. दोन पावलं गेला असेल नसेल, तोच डोंगराकडून वारा असा उठला की समोरच्या घरावरचं प्लास्टिक उडून तारेला जाऊन अडकलं. टप् करून एक गार त्याच्या खांद्यावर बसली, मागोमाग दुसरी डोक्यात. मग एकदम आभाळच खाली आलं. बोराएवढ्या गारा, आणि त्यांच्या मागून पाणी. समोरची गल्ली दिसेनाशी झाली. पुंडलिकला मागं फिरून त्याच छपराखाली यावं लागलं. चैत्रात असा पाऊस त्याच्या उभ्या जन्मात त्यानं बघितला नव्हता.

वारा पाणी आडवं मारत होता आणि चतुराबाईची खाट भिजायला लागली होती. ती उठायला बघत होती, पण वॉकर वाऱ्यानं आडवा होऊन घरंगळला होता. माणूस रागात असला तरी हात थांबत नाहीत. पुंडलिकनं चावी टाकली, वाकला आणि म्हातारीला खाटेसकट भिंतीकडं ओढायला लागला. ओढताना ती घसरली. तिनं दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला, गच्च, आणि भिंतीशी टेकून बसल्यावरही सोडला नाही. तिला बहुतेक भान नसावं. त्याला होतं.

"हंडे," ती पत्र्याच्या आवाजावर ओरडली. "हंडे लाव पन्हाळीखाली. भांडी आत हायेत दारामागं, हात घालून घे."

त्यानं दारातून हात घालून हंडा काढला, कळशी काढली, पातेलं काढलं, बादली काढली. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. पत्र्याच्या पन्हाळीतून हाताएवढी जाड धार कोसळत होती. हंडा बघता बघता भरला. कळशी लावली, ती भरली. गल्लीत सगळीकडं तेच चाललं होतं. बायका ड्रम ढकलत होत्या, कुणी परात घेऊन उभं होतं, कुणी चक्क लग्नातल्या आहेराचं पितळी घंगाळ बाहेर काढलं होतं. एवढ्या वेळ त्याला शिव्या देणारी माणसं भिजत हसत होती. कुणाची पाळी नव्हती. वर्षानुवर्षं पाणी वाटत आलेला हा माणूस रिकाम्या हातांनी उभा राहून ते बघत होता, आणि त्याला काहीच समजत नव्हतं. आंब्याच्या कैऱ्या झडल्या असतील, कुणाचा गहू आडवा झाला असेल, हेही त्याला दिसत होतं. अवकाळीला कुणी चांगलं म्हणत नाही, तोही म्हणत नसे. पण बारा दिवसांच्या तहानेवर तो पडत होता, आणि वरच्या गल्लीवर आधी पडत होता.

गारा थांबल्या, पाऊस जरा सरळ पडायला लागला.

"पुंडलिका," चतुराबाई म्हणाली. तिनं त्याला नावानं हाक मारली ती पहिल्यांदा. "तू एक तास पाणी तोडलंस. मी काय केलं, ते त्या कोनाड्यात हाये. आण तो."

तो जागचा हलला नाही.

"पहिल्या दिवशी तुझ्या सुनेची भाकर मी भुकेनं खाल्ली," ती खाली बघत बोलत राहिली. "दुसऱ्या दिवशी तिची वाट बघत व्हते. तवापासून माझ्या जिवाला चैन नाय. तू माफ कर म्हणत नाय मी. कोणत्या तोंडानं म्हणू? फक्त तो पेला आण."

पुंडलिकनं कोनाड्यातून पेला काढला. आत धूळ आणि कोळ्याचं जाळं. दोन महिने कुणी हात लावला नव्हता. त्यानं तो पन्हाळीखाली धरून दोनदा खळखळून धुतला, काठोकाठ भरला आणि तिच्यापुढं केला. तिला पाणी हवंय, असंच त्याला वाटलं होतं. चतुराबाईनं पेला दोन्ही हातांत घेतला, ओठाला लावला आणि प्यायली. वरून ओतून नाही, ओठ लावून, सावकाश, अर्धा पेला. मग तोंड न पुसता तो त्याच्यापुढं धरला.

"आता तू पी."

आत्ताच घेतला, हे शब्द सवयीनं त्याच्या जिभेवर आले. एकतीस वर्षांची सवय, ती काय अशी जाते? त्याला आई दिसली, घागर घेऊन बसलेली. सत्यभामा दिसली, माठाकडं बघणारी. तिनं असा पेला परत लोटला नसता, हे त्याला पक्कं माहीत होतं. आपलं काय ते आपल्याला ठरवायचं होतं. राग अजून होताच, तो कुठं जाणार होता? रागासकट त्यानं पेला घेतला आणि उरलेलं पाणी प्याला. गार होतं, पत्र्याची आणि धुळीची चव असलेलं. शेवटचा घोट घशाखाली उतरला आणि त्याला हुंदका फुटला. सत्यभामा गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. चतुराबाई त्याच्याकडं बघत नव्हती, ती पावसाकडं बघत होती आणि तिचेही डोळे वाहत होते.

थोड्या वेळानं त्यानं तोंड पुसलं आणि पेला कोनाड्यात ठेवायला वळला.

"तिथं नगं," ती म्हणाली. "आत ठेव. मांडणीवर."

तो उंबऱ्यापाशी गेला आणि थांबला. खाली बघितलं. "पाय भरलेत माझे."

"भरू दे," चतुराबाई म्हणाली.

पुंडलिक आत गेला. उंबऱ्यापासून मांडणीपर्यंत त्याच्या चिखलाच्या पावलांचे ठसे उठले, जाताना चार आणि येताना चार. मांडणीवर सात पेले होते, त्यानं आठवा त्यांच्या शेजारी ठेवला.

पाऊस रिमझिम झाला तेव्हा तो उतरायला लागला. वरच्या गल्लीत पडलेलं पाणी उतारावरून खळाळत त्याच्या पुढं पुढं धावत होतं, खालच्या गल्लीत जात होतं, त्याच्या दारासमोरून वाहत होतं. जलदानाला जिथं ताट ठेवलं होतं ती जागा पाण्याखाली गेली होती. तो तिथं उभा राहिला. सुलेखा आतून म्हणाली, बाबा, आत या, भिजताय. त्याला ऐकू आलं, पण तो आला नाही. समुद्राची वाफ होते, तिचे ढग होतात, हे सगळं त्याला अजून तितकंच पटत होतं. त्यानं तळवा पुढं केला, तो भरून ओला होऊ दिला आणि कपाळाला लावला.

"मिळालं," तो म्हणाला.